तेजोकाठचा जागर

५ ऑगस्ट २०२३, शनिवार. पोर्तुगालची राजधानी लिस्बन उन्हाने तापली होती आणि शहराच्या कडेला, तेजो नदीच्या काठावरच्या एका विस्तीर्ण मैदानाकडे सकाळपासून माणसांचे लोंढे चालले होते. बहुतेकांचे वय पंधरा ते तीस. पाठीवर पिशवी, पिशवीला बांधलेली गुंडाळी-पथारी, हातात पाण्याची बाटली, खांद्यावर आपापल्या देशाचा झेंडा. मैदान गाठायला कित्येकांना तासन्‌तास चालावे लागले. रात्र त्याच मैदानात उघड्यावर काढायची, रविवारी सकाळी पोप फ्रान्सिस यांच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, उभे राहायचे आणि मग परतीची वाट धरायची, असा बेत होता. रविवारच्या मिस्साला पंधरा लाख लोक होते, असा स्थानिक प्रशासनाचा अंदाज व्हॅटिकनने जाहीर केला.

या मेळ्याचे नाव जागतिक युवा दिन. नावात एकच दिवस असला तरी सोहळा आठवडाभर चालतो, आणि त्याआधीचा आठवडा यजमान देशाच्या गावोगावच्या धर्मग्रामांत, म्हणजे स्थानिक चर्चच्या परिसरांत, जातो. कॅथलिक तरुणांची ही जगातली सर्वांत मोठी यात्रा आहे. दर दोन-तीन वर्षांनी, कधी चार वर्षांनी, ती वेगळ्या देशात भरते. भारतातूनही तरुणांचे गट तिला जातात. लिस्बनलाही गेले होते.

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारात बसून या यात्रेविषयी लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना औंढा नागनाथहून परभणीच्या वाटेला लागते, ती आमच्या जवळा बाजारातून. ज्या गावावरून दिंडी जाते त्या गावाला यात्रा दोन्ही बाजूंनी कळते. चालणाऱ्याचे पाय कळतात, तसे वाढणाऱ्याचे हातही कळतात. याच जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव महाराज सातशे वर्षांपूर्वी पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. परक्या मुलखात जाणारा यात्रेकरू काय घेऊन जातो आणि त्याला तिथे कोण ठेवून घेतो, हा प्रश्न म्हणूनच आम्हाला परका नाही. लिस्बनच्या त्या एका दिवसाकडे याच प्रश्नातून पाहायचे आहे.

एका दिवसाचा हिशेब

त्या शनिवारी सकाळी पोप लिस्बनमध्ये नव्हते. ते हेलिकॉप्टरने फातिमाला गेले होते. १९१७ साली मे ते ऑक्टोबर या काळात तिथल्या तीन गुराखी मुलांना पवित्र मरियेचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. लुसिया दहा वर्षांची, फ्रान्सिस्को नऊ वर्षांचा आणि जासिंता सात वर्षांची. फ्रान्सिस्को आणि जासिंता ही भावंडे पुढच्या तीन वर्षांतच त्या वेळच्या इन्फ्लूएन्झाच्या साथीने दगावली. पहिल्या दर्शनाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, १३ मे २०१७ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. आता त्याच ठिकाणी पोपनी आजारी तरुण आणि काही कैदी यांच्यासोबत जपमाळेची प्रार्थना केली. लाखोंच्या सोहळ्यातली ती सकाळ त्यांनी, ज्यांना मैदानापर्यंत चालत येणे शक्य नव्हते, अशांना दिली.

इकडे मैदानाचे विभाग पाडलेले होते. प्रत्येक गटाने आपला विभाग शोधायचा, जागा धरायची, रविवारपर्यंत पुरणारी शिदोरी आणायची, पाण्यासाठी रांगेत उभे राहायचे. दुपारभर सावली दुर्मीळ. ज्याच्याकडे छत्री, त्याच्या छत्रीखाली चार देशांची डोकी. भाषा येत नसली की खुणा, गाणे आणि झेंड्याची अदलाबदल. आधीच्या चार दिवसांत या मुलांनी सकाळी आपापल्या भाषेतल्या धर्मशिक्षणाच्या बैठका केल्या होत्या, शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती केली होती, अनेकांनी पापनिवेदनही केले होते.

त्या पापनिवेदनाची जागा मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. लिस्बनच्या बेलें भागातल्या बागेत १५० लाकडी कक्ष मांडले होते. ते पोर्तुगालच्या तुरुंगांतल्या कैद्यांनी बनवले होते. एरवी चर्चमधले पापनिवेदनाचे कपाट जड आणि काळोखे असते. हे कक्ष हलके, उघडे, बागेच्या हिरवळीवर ओळीने उभे. शिक्षा भोगणाऱ्या माणसाने रंधा मारून जे लाकूड गुळगुळीत केले, त्याच्या आडोशाला वीस वर्षांचा पोरगा आपल्या चुकांची क्षमा मागायला बसला. ४ ऑगस्टला सकाळी पोपही त्यातल्या एका कक्षात बसले आणि त्यांनी तिघा तरुणांचे पापनिवेदन ऐकले. क्षमेवर कितीही प्रवचने दिली तरी जे सांगता आले नसते, ते त्या सुतारकामाने सांगितले.

शनिवारी अंधार पडता पडता जागर सुरू झाला. पोप तेव्हा ८६ वर्षांचे होते, चाकाच्या खुर्चीतून वावरत होते. हातातले लिहिलेले भाषण बाजूला ठेवून ते मुलांशी बोलू लागले. ज्यांच्यामुळे आपल्या आयुष्यात उजेड आला त्या आईवडिलांना, आजीआजोबांना, शिक्षकांना, मित्रांना आठवा, तीच तुमची मुळे, असे त्यांनी सांगितले. आणखी एक गोष्ट सांगितली: दुसऱ्या माणसाकडे वरून खाली बघण्याचा अधिकार एकाच प्रसंगी असतो, पडलेल्याला हात देऊन उठवताना. मग पवित्र साक्रामेंताची, म्हणजे पवित्र केलेल्या भाकरीची, आराधना झाली. पोर्तुगालची फादो-गायिका कार्मिन्यो गायली. त्यानंतर अख्खे मैदान गुडघ्यावर आले आणि गप्प झाले. दिवसभर ढोल-ताशे, टाळ्या, घोषणा यांनी दणाणलेला तो जनसमुदाय तसाच काही मिनिटे निःशब्द राहिला. तिथे असलेल्या अनेकांनी पुढे याच शांततेची आठवण सांगितली.

रविवारी पहाटे मुलांना जाग आली ती संगीताने. गिल्येर्मे पेशोटो हे पोर्तुगीज धर्मगुरू डीजेच्या मंचावर उभे होते आणि नाचाच्या तालात पोपच्या भाषणांतले आवाज मिसळून वाजवत होते. कुणाला हे खटकले, कुणाला फार आवडले. ६ ऑगस्ट हा येशूच्या रूपांतराचा सण. येशूने तिघा शिष्यांना डोंगरावर नेले आणि तिथे त्यांना त्याचे तेजस्वी रूप दिसले, ही त्यामागची कथा. मिस्सातल्या प्रवचनात पोपनी तिच्यातून तीनच गोष्टी काढल्या: उजळा, ऐका, भिऊ नका.

हे सुरू कसे झाले

या यात्रेची मुळे १९८४ च्या रोममध्ये आहेत. मानवाच्या तारणाचे पवित्र वर्ष चालू होते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी तरुणांना बोलावले आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मुले आली. त्याच वर्षी २२ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, त्यांनी ३.८ मीटर उंचीचा एक साधा लाकडी क्रूस तरुणांच्या हाती दिला आणि तो जगभर न्यायला सांगितले. १९८५ हे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष. त्या वर्षअखेरीस जागतिक युवा दिनाची घोषणा झाली. १९८६ चा पहिला दिन आपापल्या धर्मप्रांतात झाला. १९८७ साली तो ब्युनॉस आयर्सला भरला आणि तिथून परदेशातल्या यात्रांची माळ सुरू झाली.

त्या माळेतले काही मणी इतिहासाचे साक्षीदार आहेत. १९९१ साली पोलंडच्या चेंस्तोहोवा या तीर्थक्षेत्री मेळा भरला तेव्हा पूर्व युरोपातल्या साम्यवादी राजवटी नुकत्याच कोसळल्या होत्या. ज्यांच्या आईवडिलांनी प्रार्थना दाराला कडी लावून केली, ती मुले त्या मैदानात मोकळ्या गळ्याने गात होती. १९९५ साली मनिला इथे अखेरच्या मिस्साला चाळीस-पन्नास लाख लोक लोटल्याचे अंदाज सांगितले जातात. तो आशियातला पहिला मेळा.

लिस्बन आणि आपण

मराठी कॅथलिकांसाठी लिस्बन हे नुसते दूरचे शहर नव्हे. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत लिस्बनहून सुटलेली जहाजे गोव्याला, वसईला लागत राहिली. डाबरे, लोपीस, तुस्कानो, मच्याडो, परेरा ही वसईतली आडनावे त्या काळाची खूण आहेत. घरात मात्र सामवेदी, वाडवळी बोली आणि चर्चमध्ये मराठी प्रार्थना. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी गायने घुमू लागली.

लिस्बनच्याच बंदरातून फ्रान्सिस झेविअर ७ एप्रिल १५४१ रोजी निघाले आणि वर्षभराने गोव्यात उतरले. त्याच बंदरातून १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज सदस्य निघाला. तो गोव्यातल्या सासष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे नाव कृतज्ञतेने घ्यावे असे आहे.

मैदानाच्या कडेलाच तेजो नदीवरचा वास्को द गामा पूल आहे. गामाच्या सफरीला पाचशे वर्षे झाली त्या १९९८ सालचा हा पूल. ज्या नदीतून सत्तेची जहाजे आपल्याकडे आली, तिच्या काठावर २०२३ साली भारतातल्या मुलांनी यात्रेकरू म्हणून पथारी पसरली. धर्म सत्तेच्या बोटीतून आला होता ही गोष्ट खरी आहे, आणि ती झाकण्याचे काही कारण नाही. पण पाच शतकांत ती श्रद्धा इथल्या मातीची झाली, हेही तितकेच खरे. वसईचा तरुण लिस्बनला जातो तो मालकाच्या घरी जात नाही. तो बरोबरीच्या नात्याने पाहुणा म्हणून जातो.

आणि परदेशी गेलेला वसईचा पहिला मोठा यात्रेकरू तर चारशे वर्षांपूर्वीचा आहे. गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई वसईची. वसईत जेझुइटांकडे शिकलेला हा मुलगा कोवळ्या वयात जपानला गेला, जपानी अस्खलित बोलू लागला, काही काळ व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतला. सत्ताधीश हिदेयोशीने ख्रिस्ती लोकांना पकडण्याचा हुकूम काढला. पकडलेल्यांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत भर थंडीत चालवत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रूसावर चढवून मारले. त्यांत गोन्सालो होते आणि अगदी किशोरवयीन मुलेही होती. ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद मिळाले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत. वसईतल्या गास गावचे चर्च त्यांच्या नावाचे आहे आणि वसईचे महाविद्यालयही.

दार उघडणारे

यात्रेच्या बातम्यांत व्यासपीठ दिसते, झेंडे दिसतात. मला महत्त्वाचे वाटते ते यजमानांचे काम. लिस्बनच्या आठवड्यात लाखो मुले शाळांच्या वर्गांत, व्यायामशाळांत, धर्मग्रामांच्या सभागृहांत आणि कुटुंबांच्या घरांत उतरली होती. ज्यांनी कधी भारत पाहिला नाही, अशा घरांनी भारतातल्या मुलांसाठी ताट मांडले. कुणी सकाळच्या न्याहारीत काय चालेल ते विचारले, कुणी कपडे धुऊन दिले, कुणी स्टेशनपर्यंत सोडायला आले. हे काम करणारे हजारो स्वयंसेवक होते आणि त्यांतले अनेक जण स्वतः विशीतले होते.

पालखी येते त्या दिवशी आमच्याकडे हेच घडते. वारकऱ्याची जात, गाव, पगार कुणी विचारत नाही. पाणी आधी दिले जाते. यात्रेचा अर्धा पुण्यभाग दार उघडणाऱ्याचा असतो, असे मी मानतो. देवदर्शनासाठी विमानाने जाऊन हॉटेलात उतरता येते, पण ती यात्रा होत नाही, सहल होते. दुसऱ्याच्या दारात पाहुणा म्हणून उभे राहण्यातला संकोच, त्याच्या भाकरीची चव आणि आपण काही परत देऊ शकत नाही याची जाणीव तरुण वयात मिळाली तर आयुष्यभर पुरते. ३ ऑगस्टच्या स्वागत सोहळ्यात पोपनी चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे असे सांगितले आणि ‘सगळे’ हा शब्द जमलेल्या मुलांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला. ती जागा कशी करायची, हे लिस्बनच्या घरांनी आधीच दाखवले होते.

प्रश्न विचारलेच पाहिजेत

एवढ्या मोठ्या सोहळ्याविषयी प्रश्न उठले नसते तर नवल. मैदानावरच्या वेदी-मंचाचा खर्च आधी चाळीस लाख युरोंच्या वर जाणार होता. पोर्तुगालमध्ये लोकांनी आवाज उठवला, तेव्हा मंचाची उंची कमी झाली आणि खर्च २९ लाख युरोंपर्यंत खाली आला. ज्या जागेवर हे मैदान उभे राहिले, ती एके काळी शहराची कचराभूमी होती. तिचे उद्यान होईल ही बाजूही त्या वादात मांडली गेली. पण दारिद्र्याचे व्रत सांगणाऱ्या धर्माच्या सोहळ्यात पैशाचा हिशेब लोकांनी मागावा, हे योग्यच होते.

दुसरा प्रश्न त्याहून जड होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोर्तुगालच्या एका स्वतंत्र आयोगाने अहवाल दिला: १९५० पासून चर्चशी संबंधित व्यक्तींकडून लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांची संख्या किमान ४,८१५ असावी. सोहळ्याच्या दिवसांत लिस्बनच्या रस्त्यावर हा आकडा सांगणारे फलक लागले होते. २ ऑगस्टला पोप तेरा पीडितांना भेटले. तरुणांची यात्रा भरवणाऱ्या संस्थेला मुलांच्या सुरक्षिततेचा जाब द्यावाच लागतो, आणि श्रद्धावंतानेच तो आधी मागितला पाहिजे. ज्यांना आपले घर प्रिय असते, ते घरातली गळती सांगायला लाजत नाहीत.

मराठवाड्यातून लिस्बन किती दूर?

कागदोपत्री हिंगोलीसह मराठवाडा १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. इथले कॅथलिक बहुतेक शेतमजूर, छोटे शेतकरी, शिक्षक, परिचारिका. मराठी हीच त्यांची मातृभाषा आणि प्रार्थनेची भाषा. शेकडो वर्षे गावकुसाबाहेर ठेवलेल्या अनेक कुटुंबांना मिशनच्या शाळेत पहिल्यांदा पाटी-पेन्सिल मिळाली. अशा घरातल्या मुलाला युरोपचे विमानभाडे, व्हिसा, नोंदणी यांचा खर्च झेपणे कठीण. त्यामुळे जागतिक यात्रेला भारतातून जातात त्यांत शहरी, सुस्थितीतली मुले अधिक असणे स्वाभाविक आहे.

पण यात्रेला विमान लागतेच असे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउली यात्रा दर सप्टेंबरात भरते. पवित्र मरियेच्या जन्मसणाच्या सुमारास तिथे लाखो लोक जमतात. कुणी पायी, कुणी ट्रॅक्टर-टेम्पोने. नवस फेडायला कॅथलिकांइतकेच हिंदू, बौद्ध शेजारीही येतात. दर वर्षी जागतिक युवा दिन प्रत्येक धर्मप्रांतातही साजरा होतो. पूर्वी तो झावळ्यांच्या रविवारी असे, २०२१ पासून ख्रिस्तराजाच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरात, असतो. मोठ्या मैदानावरचे दोन-चार दिवस ज्यांना मिळत नाहीत, त्यांच्यासाठी ही खरी सोय आहे.

मराठी वाचकाला या कॅथलिक शेजाऱ्याची ओळख नवी नाही. जानेवारी २०२० मध्ये मराठवाड्यातल्याच उस्मानाबादला ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरलेले कार्यकर्ते. एका कॅथलिक धर्मगुरूची निवड झाली म्हणून काहींनी विरोध केला, पण मराठी वाचकांनी त्यांना प्रेमाने ऐकले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

आता सोल

लिस्बनच्या त्या रविवारी, मिस्सा संपताना, पुढचा मेळा दक्षिण कोरियातल्या सोल इथे होईल असे पोपनी जाहीर केले. ३ ते ८ ऑगस्ट २०२७ या तारखा ठरल्या आहेत. १९८४ चा लाकडी क्रूस २४ नोव्हेंबर २०२४ रोजी रोममध्ये कोरियन तरुणांच्या हाती देण्यात आला. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी वारले. त्यांच्यानंतर आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रोमजवळच्या तोर व्हेर्गाता इथे ज्युबिली वर्षाच्या निमित्ताने जमलेल्या सुमारे दहा लाख तरुणांसोबत जागर केला.

कोरियाची कथा आपल्या मुलांनी मुद्दाम समजून घ्यावी. तिथे ख्रिस्ती धर्म कुठल्या परदेशी धर्मगुरूने आधी नेला नाही. काही कोरियन विद्वानांनी चीनमधून आलेली पुस्तके वाचली, त्यांच्यातला यी सुंग-हुन १७८४ साली बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला आणि सामान्य लोकांनीच मंडळी उभी केली. पुढच्या शतकात हजारो जण मारले गेले. पहिले कोरियन धर्मगुरू अँड्र्यू किम वयाच्या पंचविसाव्या वर्षी १८४६ साली हुतात्मा झाले. जिथे श्रद्धा वाचनातून आणि सामान्य माणसांच्या हिमतीतून वाढली, ते यजमान घर मराठी मुलांना आपलेसे वाटेल.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, वसई, मुंबई, पुणे, गोवा इथल्या सुस्थितीतल्या धर्मग्रामांना: सोलला जाणाऱ्या आपल्या गटात मराठवाड्यातल्या एका मुलाचा आणि एका मुलीचा खर्च उचला. घर शेतमजुराचे असेल तर ते आधी. त्यासाठी आजपासून महिन्याला थोडी थोडी रक्कम बाजूला ठेवली तरी २०२७ पर्यंत ती जमते. दुसरी, कॅथलिक नसलेल्या मराठी वाचकाला: पुढच्या सप्टेंबरात एकदा हरेगावला जा. आणि तुमच्या गावावरून कुठल्याही धर्माचे तरुण यात्रेकरू चालत जात असतील, तर त्यांना पाणी, सावली आणि रात्रीपुरती जागा द्या. वारीच्या वाटेवरच्या गावांना हे कुणी शिकवायला नको. ती परंपरा सगळ्यांसाठी खुली ठेवणे तेवढे आपल्या हाती आहे.